तुलुलूला नाही म्हणायचं नसतं

"चालून दाखव," इस्मेरी म्हणाली.

एर्मांसने खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. अंगात निळा घोळदार झगा, आत तीन परकर, डोक्यावर मानेपर्यंत येणारं टोपडं, तोंडावर मुखवटा आणि कोपराच्या वर गेलेले पांढरे हातमोजे. बोटभरसुद्धा कातडी दिसत नव्हती.

"ही तूच चाललीस," इस्मेरी म्हणाली. "हातात वाढायचं ताट असल्यासारखी. आधी ते ताट खाली ठेव, मग चाल."

इस्मेरी ही एर्मांसची मावसबहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोट शिवणकामावर, आणि जिभेला हाड नाही. कार्निव्हल सुरू झाला की दर शनिवारी निम्म्या कायेन गावातल्या बायका तिच्या मागच्या खोलीत साध्या कपड्यांत शिरत आणि तुलुलू होऊन, म्हणजे ओळखू न येणाऱ्या मुखवटेवाल्या बायका होऊन, मागच्या दाराने बाहेर पडत. कोण कुठल्या झग्यातून गेली हे एकट्या इस्मेरीला माहीत असे. गावातली सगळी लफडी तिने चव्हाट्यावर आणली, पण ही गोष्ट मात्र तिच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही.

एर्मांस या खोलीत पहिल्यांदाच आली होती. तिचा नवरा ऑनोरा कस्टम कचेरीत मोठा कारकून, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. अशा घरातल्या बायका कार्निव्हलच्या नाचाला, त्या बॉलला, जात नाहीत, असं ऑनोराचं म्हणणं होतं. तिथे सैल बायका येतात, असंही म्हणणं होतं. स्वतः तो एकही शनिवार चुकवत नसे. सैल बायकांवर कोणा शहाण्या माणसाचं लक्ष नको का?

"गेला का तो?" इस्मेरीने विचारलं.

"गेले. पांढरा सूट घालून, मिशीला तेल लावून. मी डोकं दुखतंय म्हणून पडले होते. दारातूनच म्हणाले, पड हं."

"आणि तिथे जाऊन तू त्याला सांगणार काय?"

"लेओकादीला घरी आणा म्हणून."

"हे घरी सांगता येत नाही?"

 घरी सांगता आलं असतं तर ती या परकरांच्या ढिगाऱ्यात घाम गाळत उभी राहिली असती का?

लेओकादी तिची एकुलती एक मुलगी. पाच वर्षांमागे तिने गास्पारशी लग्न केलं होतं. गास्पार काळ्या पाण्याची शिक्षा भोगून सुटलेला. त्या काळी फ्रान्सहून या वसाहतीत बोटी भरभरून कैदी येत, आणि शिक्षा संपली तरी त्यांना परत जायची मुभा नसे. मग ते कालव्यापलीकडे फळ्यांच्या झोपड्यांत राहात, टोपल्या विणत, फुलपाखरं पकडून विकत, आणि गावातली माणसं त्यांच्यावरून नजर अशी फिरवत की जणू तिथे कोणी उभंच नाही. गास्पारने तरुणपणी कुठल्याशा चर्चमधले चांदीचे दिवे उचलले होते. आता तो खुर्च्या करायचा, आणि बऱ्या करायचा. पण ऑनोराला त्या खुर्च्यांशी काय करायचं होतं? लग्नाच्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला मुलगी नाही. या उंबऱ्याच्या आत तिचं नाव निघायचं नाही." आणि ऑनोरा शब्दाचा माणूस. बिशपची पेटीसुद्धा उघडून बघितल्याशिवाय त्याने बंदरातून सोडली नव्हती.

एर्मांसने तेव्हा काहीच म्हटलं नाही. ती कधीच काही म्हणत नसे. मुलीला ती मासळीबाजारात चोरून भेटायची. दोघी एकाच पाटीवर वाकून मासे निवडत आणि माशांशी बोलल्यासारखं एकमेकींशी बोलत.

आता लेओकादीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले. सुईणीने साफ सांगितलं होतं की लक्षणं चांगली नाहीत, आणि या पावसात कालव्यावरच्या फळ्या पाण्याखाली जातात, रात्री कळा सुरू झाल्या तर मी काही पोहोचायची नाही. तिला गावात आणून ठेवा. गावात कुठे आणणार? सुटलेल्या कैद्याच्या बायकोला खोली कोण देणार? माहेर तर चर्चच्या मागेच होतं, सुईणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यात एक खोली पाच वर्षं रिकामी पडली होती. मागच्या गुरुवारी बाजारात लेओकादी कोळंबीची पाटी चिवडत म्हणाली, "आई, मला भीती वाटते." लहानपणी अंधाराला न भ्यालेली पोर ती. एर्मांसने त्या दिवशी मासे न घेताच घर गाठलं.

"जोडे," इस्मेरी म्हणाली. "तुझे चालायचे नाहीत. त्यांचा आवाज तो झोपेतही ओळखेल."

इस्मेरीचे जोडे पायात जाईनात. मग एर्मांसने पिशवीतून एक जोड काढला. लाल, उंच टाचेचा, पितळी बकलाचा. लेओकादीचा. तिच्या सगळ्या वस्तू फेकून दे असं ऑनोराने फर्मावलं तेव्हा एर्मांसने एकूण एक वस्तू वाटून टाकली होती, फक्त हा जोड कसाव्याच्या पिठाच्या पिंपात पुरून ठेवला होता. मायलेकींचं माप एकच.

"हे त्याने ओळखले तर?" इस्मेरीने विचारलं.

"ते? अगं, त्यांना रश्शात मीठ कमी आहे एवढंच ओळखता येतं."

इस्मेरी हसली. मग तिने एर्मांसच्या मानेवर नारिंगीच्या फुलांचं अत्तर चोपडलं, तिचा स्वतःचा वास मारायला, आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "हे बघ. तिथे तू कोणालाही भिऊ नकोस. बोट दाखवलंस की त्याला यावंच लागतं. तुलुलूला नाही म्हणायचं नसतं. मुखवट्याला हात लावायचा नसतो. तू वाट्टेल ते बोल, त्याने रागवायचं नसतं. आणि ओळखलं तरी नाव घ्यायचं नसतं, तिथे नाही आणि घरी आल्यावरही नाही. आवाज तेवढा बदल, पोपटासारखा कर. आणि हो, सगळ्यांना तूच म्हणायचं. गव्हर्नर भेटला तरी तू."

"यांनासुद्धा?"

"त्यालाच आधी."

झोझेफीनच्या नाचाच्या हॉलमध्ये शिरताना एर्मांसला वाटलं, आपल्या छातीची धडधड ढोलावर चढून ऐकू येईल. आत इतकी गर्दी आणि इतका उकाडा होता की मुखवट्याच्या आत घामाच्या धारा लागल्या. क्लॅरिनेट किंचाळत होती, ढोलकरी डोळे मिटून बडवत होता, आणि मधल्या फरशीवर गावातली सगळी अब्रूदार मंडळी तुलुलूंच्या तालावर घुमत होती. पोस्टमास्तरला एका हिरव्या झग्याने असं काही रेटत नेलं होतं की त्याचा चष्मा एका कानावर आला होता. बाकीचे पुरुष उघड्या तोंडांनी भिंतीला टेकून उभे होते, कोणीतरी आपल्याला निवडेल म्हणून वाट बघत. वर्षभर नाही म्हणणारी हीच ती तोंडं. छप्पर गळतंय, नाही. बहिणीकडे जाऊन येऊ का, नाही. एर्मांसला मुखवट्याच्या आत हसू आलं, आणि हसू आल्यावर जरा धीर आला.

ऑनोरा खांबाशेजारी उभा होता. हॅट छातीशी धरलेली, पाठ ताठ. गर्दीत तो तिला कधी नव्हे इतका एकटा दिसला. घरी तो एवढा मोठा दिसायचा की एका खोलीत मावायचा नाही.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बोट दाखवलं.

तो किंचित वाकला, हॅट खांबाच्या खिळ्याला अडकवली आणि मुकाट्याने तिच्यामागे आला. सव्वीस वर्षांच्या संसारात तो तिच्यामागे चालल्याची ही पहिलीच वेळ.

माझुर्का सुरू झाला. हा नाच तिने कधी कोणाबरोबर केला नव्हता. पण ती तो शिकली होती. ऑनोराने लेओकादीला पडवीत शिकवला तेव्हा. बाप तोंडाने सूर धरायचा, मुलीला घुमवायचा, डाव्या पायाने एक जास्तीची गिरकी घ्यायला लावायचा, ती गिरकी त्याच्याच घरची, दुसऱ्या कोणाची नाही. आणि एर्मांस स्वयंपाकघराच्या दारात डाव हातात धरून बघायची. नंतर भांडी घासताना एकटीच पाय टाकून बघायची. तिलाही शिकवावं हे काही कोणाच्या मनात आलं नाही.

त्याचा हात पाठीवर आला. तिने वाक्य पाठ करून ठेवलं होतं. तोंड उघडलं, पोपटाचा आवाज काढायला गेली, आणि तेवढ्यात गिरकी आली. पाय आपसूक वळले. डावीकडे, जास्तीची गिरकी. झगा उडाला आणि ऑनोराची नजर खाली गेली.

तिच्या पाठीवरचा हात थरथरला.

"तू आलीस," तो म्हणाला.

 संपलं, ओळखलं. आता काय करतील? नियम नियम म्हणतात, पण सगळ्यांदेखत मुखवटा ओढला तर?

"जोडे अजून जपून ठेवलेस," ऑनोरा हळूच म्हणाला. "मला वाटलं होतं विकले असशील. मार्टिनिकच्या बोटीवरून मागवले होते ते. तुझी आई म्हणाली, लाल कशाला. मी म्हटलं, माझी पोर लालच घालणार."

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला आपण दिसलोच नव्हतो. मुखवटा नसता तरी कदाचित दिसलो नसतो, हेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते लागलं. मान हलवायची, मी ती नव्हे म्हणायचं आणि पाठ केलेलं वाक्य बोलून टाकायचं, एवढंच करायचं होतं. पण त्याचा हात अजून थरथरत होता. या माणसाचा हात तिने कधी थरथरताना पाहिला नव्हता, त्याची आई गेली तेव्हासुद्धा नाही. तिची मान हलली नाही.

"नाव मी घेणार नाही," तो म्हणाला. "घेता येत नाही. इथे नियम आहे आणि घरी माझा शब्द आहे. पण तू आहेस, हे मला कळलं. बरी आहेस ना?"

"तुला काय करायचंय?" ती पोपटाच्या आवाजात म्हणाली. तू हा शब्द जिभेवर तिखटासारखा लागला. "पाच वर्षांत विचारलंस का?"

"कोणाला विचारू? आमच्या गल्लीत माझ्यासमोर तुझा विषय कोणी काढत नाही. मी गेलो की बोलतात."

"तूच तोंडं बंद केलीस."

"केली," ऑनोरा म्हणाला. एवढं सरळ कबूल करताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "सगळ्या गल्लीसमोर शब्द बोलून बसलो. आता तो गिळू कसा? तुझ्या आईने एकदा जरी म्हटलं असतं ना, की पोरीला आणा, तर मी ओरडलो असतो, आदळआपट केली असती, दोन दिवस जेवलो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी आणलं असतं. लोकांना सांगितलं असतं, बायको ऐकेना. पण ती बोललीच नाही. पाच वर्षं माझ्याशी बोलत नाही ती."

"बोलते की. रोज बोलते."

"वाढू का, आणू का, दिवा मालवू का. त्याला बोलणं म्हणतात होय? ताट समोर ठेवते आणि तोंड वळवते. मी रोज तिच्या पाठीकडे बघत जेवतो. तुला सांगतो, कधीकधी वाटतं तिने ते ताट माझ्या डोक्यात घालावं."

एर्मांसचा पाय चुकला. शेजारून जाणाऱ्या तुलुलूने तिला कोपर मारलं. मुखवट्याच्या आत तिची कानशिलं तापली होती. म्हणजे हा माणूस पाच वर्षं आपल्या बोलण्याची वाट बघत बसला होता, आणि आपण याच्या मवाळ होण्याची! आणि वर दोष कोणाला, तर आपल्याला. लोकांपुढे तोंड दाखवायला याला बायकोचा हट्ट हवा होता. तिला त्याचा असा राग आला की खरंच ताट हातात असतं तर घातलं असतं. आणि त्या रागाखाली, तिला कबूल करायला नको होतं तरी, थोडं वाईटही वाटलं. तो आपल्या पाठीकडे बघतो हे तिला माहीत नव्हतं.

"ती कशी बोलेल?" तिचा आवाज क्षणभर पोपटाचा राहिला नाही, तिने खोकून तो पुन्हा चढवला. "तिने तोंड उघडलं की तू खिशातून घड्याळ काढायचास. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हापासून. तिने काही सांगायला घेतलं की घड्याळ. मग तिने सांगणंच सोडलं. बायको बोलायला लागते ती कोणीतरी ऐकतंय म्हणून, भिंतीशी कोण बोलतं?"

 दोघं एक फेरी नुसते नाचले. मग ऑनोरा म्हणाला, "घड्याळाचं तुला तिने सांगितलं?"

"मला डोळे आहेत."

"खरं आहे," तो म्हणाला. "काढायचो. अजूनही काढतो बहुतेक."

माझुर्का संपला. पुरुष भिंतीकडे परतायला लागले, पण तुलुलूने सोडल्याशिवाय पुरुषाला सुटका नसते, आणि एर्मांसने बाही घट्ट धरली होती. बॅंजो वाजायला लागला, दुसरा नाच सुरू झाला.

"उद्या जेवायला ये," ऑनोरा अचानक म्हणाला. "चर्चनंतर. दार उघडं असेल. मी बोलावलं असं कोणाला सांगू नकोस. तू आलीस, मी हाकललं नाही, एवढंच लोकांना दिसू दे."

एर्मांसचा जीव हरखला. यासाठीच तर ती आली होती. हो म्हणून टाकावं आणि पळत सुटावं. पण जेवण म्हणजे बाळंतपण नव्हे. आणि लेओकादी एकटी यायची नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या बापाची ती मुलगी, त्याच्याइतकीच हट्टी.

"आम्ही दोघं येऊ," ती म्हणाली.

"त्याला नको."

"मग मीही नको."

तो ताठ झाला. बॅंजोवाल्याने अख्खं कडवं संपवलं. एर्मांसने मनातल्या मनात सगळे संत आळवले. मग ऑनोरा म्हणाला, "दोघं तर दोघं. पण माझ्या खुर्चीवर त्याने बसायचं नाही."

"आणि मी येईन ती जायला येणार नाही. माझी खोली मला पाहिजे. पावसाळा सरेपर्यंत."

"का? छप्पर गळतं का त्या झोपडीचं?"

"उद्या कळेल. शब्द दे."

"तुलुलूला दिलेला शब्द म्हणजे काय, माहीत आहे ना तुला? तो मागे घेता येत नाही."

"म्हणूनच मागते आहे."

"दिला," ऑनोरा म्हणाला.

तिने त्याची बाही सोडली. तो तिथेच उभा राहिला, रिकाम्या हातांनी, आणि ती गर्दीतून दाराकडे निघाली. मागे वळून बघितलं नाही. ताट खाली ठेवल्यासारखी चालत गेली.

रविवारी पहाटे ती पहिल्या प्रार्थनेला म्हणून घराबाहेर पडली आणि थेट कालव्यापलीकडे गेली. पाच वर्षांत तिने तो कालवा ओलांडला नव्हता. फळ्या पाण्याखालीच होत्या. परकर गुडघ्यावर धरून, चिखलात रुतत ती गास्पारच्या दारात पोहोचली. गास्पारने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे, आणि काही न विचारता गरम पाणी आणलं.

लेओकादी खाटेवर बसून सगळं ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे पापा माझ्याशी बोललेच नाहीत. तुझ्याशी बोलले."

"तू समजून बोलले."

"आणि दारात मला बघितल्यावर? आई, हे पोट घेऊन काल रात्री कोणी माझुर्का नाचलंय का? त्यांना एका क्षणात कळेल की त्यांना फसवलं. आणि कोणी फसवलं, तेही. माझं जाऊ दे, तुझं काय?"

एर्मांसने याचा विचार केला नव्हता असं नाही. रात्रभर तोच विचार केला होता, शेजारी ऑनोरा घोरत असताना. फसवणूक त्याला सहन होत नसे. ज्या व्यापाऱ्याने एकदा खोटी मोहोर दाखवली, त्याच्याशी तो आजतागायत बोलला नव्हता. उद्यापासून तो आपल्याशीही बोलणार नाही कदाचित. घरातून जा म्हणेल कदाचित. "सगळ्यांना कळलं तर हसं होईल त्यांचं," ती म्हणाली. "पण सांगणार कोण? सांगायला तुलुलूचं नाव घ्यावं लागतं. ते घ्यायचं नसतं."

"ते घरात काय करतील ते विचारतेय मी."

"करू देत," एर्मांस म्हणाली. "तू ऊठ. गास्पार, तिचं गाठोडं बांध बाबा."

घरी परतल्यावर तिने मासे साफ केले, टोमॅटो आणि मिरचीचा झणझणीत रस्सा चुलीवर चढवला. ऑनोरा चर्चमधून आला तो सूट न काढता घरात येरझाऱ्या घालायला लागला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन, छताकडे बघत म्हणाला, "आज दोन ताटं जास्त लागतील."

"कोण येणार आहे?"

"येईल कोणीतरी. कचेरीतलं."

"बरं," एर्मांस म्हणाली, आणि हसू आवरायला चुलीत तोंड घातलं. धूर डोळ्यांत गेला ते बरंच झालं.

"दार उघडं ठेव," तो म्हणाला. "उकडतंय."

बाहेर धो धो पाऊस पडत होता.

ती दोघं आली तेव्हा समोरच्या खिडकीतल्या बायका शिवण टाकून पुढे वाकल्या. लेओकादी एका हाताने गास्पारचा खांदा धरून, दुसरा कमरेवर ठेवून, एकेक पाऊल मोजत चालत होती. सुजलेल्या पायांत जोडे जात नव्हते म्हणून गोणपाटाचे तुकडे बांधले होते. उंबऱ्याशी येऊन ती थांबली. गास्पार दोन पावलं मागे, भिजलेली टोपी हातात.

ऑनोरा खुर्चीतून अर्धा उठला होता, चेहऱ्यावर सकाळपासून जमवून ठेवलेला कडकपणा. त्याची नजर मुलीच्या पोटावर गेली. मग तिच्या पायांवर. बराच वेळ पायांवरच राहिली.

एर्मांस रश्शाचं भांडं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 

ऑनोराने मान वळवली आणि बायकोकडे बघितलं. कपाळापासून पायापर्यंत बघितलं, सव्वीस वर्षांत बघितलं नव्हतं तसं. त्याचा हात खिशाकडे गेला, घड्याळ होतं त्या खिशाकडे, आणि तिथेच थांबला. गालावरची शीर उडताना तिला दिसली. तिने नजर खाली केली नाही. बोल, ती मनात म्हणाली, काय बोलायचं ते बोल, पण पोरीला आत घे.

समोरच्या खिडक्यांतून आवाज येईना. सगळी गल्ली कान देऊन होती.

ऑनोराने खिशावरून हात काढला. टेबलाच्या टोकाशी असलेली आपली खुर्ची त्याने दोन्ही हातांनी उचलली. तिच्यावर कधी पाहुण्यालाही बसू दिलं नव्हतं. ती नेऊन उंबऱ्याच्या आत मुलीपुढे ठेवली.

"लेओकादी," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण खिडक्यांपर्यंत गेला. "बस. तुझी खोली झाडून घ्यायला सांगतो." मग गास्पारकडे न बघता, "तूही आत ये. पावसात काय उभा राहिलास."

लेओकादी बसली आणि रडायला लागली. गास्पार खुर्चीचे पाय चाचपून बघत तिच्यामागे उभा राहिला, दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

एर्मांस भांडं घेऊन टेबलापाशी आली, नेहमीप्रमाणे वाढायला वाकली. ऑनोराने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"तूही बस," तो म्हणाला. "काल रात्री किती वेळ उभी होतीस. पाय दुखत असतील."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की रडू, ते तिला कळलं नाही, आणि त्यालाही कळलं असेल असं नाही. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

मग ऑनोरा डाव घेऊन वाढायला लागला. जन्मात कधी वाढलं नव्हतं. पहिलाच डाव पांढऱ्या मेजपोशावर सांडला, दुसरा ताटात पडला. त्याने सगळ्यात आधी तिच्या ताटात वाढलं, चव घेऊन बघ म्हणाला, आणि ती बोलेपर्यंत डाव हातात धरून थांबला.

"मीठ कमी आहे," एर्मांस म्हणाली.